स्थानक ओस पडते की पाडले जाते?

रेल्वेचे एखादे लहान स्थानक बंद झाले किंवा एखाद्या गाडीचा तेथील थांबा काढून घेण्यात आला, तर त्या वार्तेला वृत्तपत्रात चार ओळींहून अधिक जागा सहसा मिळत नाही. कारणही ठरलेले असते : पुरेसे प्रवासी नाहीत. हे कारण ऐकले की बहुतेकांचे समाधान होते, कारण आकड्यांपुढे वाद खुंटतो अशी आपली समजूत आहे. परंतु आकडा कोणी मोजला, केव्हा मोजला आणि कोठे उभे राहून मोजला, हे विचारले नाही तर तो पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील हिंगोली जिल्ह्यातील लहान स्थानकांच्या संदर्भात हे प्रश्न विचारणे आज अगत्याचे आहे.

मुंबईत ज्यांना उपनगरी गाड्या म्हणतात, तशा गाड्या आपल्याकडे नाहीत. पण रोज जाऊन येऊन नोकरी आणि शिक्षण करणारा प्रवासी मात्र आहे. वसमतहून हिंगोलीला, हिंगोलीहून वाशीमला ‘अप-डाऊन’ करणारे शिक्षक, कचेऱ्यांतील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या दृष्टीने गाडीची कसोटी एकच असते. ती सकाळी कामाच्या वेळेपूर्वी पोचवील आणि संध्याकाळी घरी आणील, तर उपयोगाची. एरवी ती रुळांवरून जाणारी एक शोभायात्रा. चोंडी, बोल्डा, नांदापूर, माळसेलू, कन्हेरगाव नाका अशा स्थानकांचे भवितव्य या साध्या कसोटीशी बांधलेले आहे.

हा मार्ग कोणत्या हिशेबाने आला?

हिंगोलीला रेल्वे आली ती १९१२ साली. निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वेने पूर्णेपासून सुमारे पन्नास मैलांचा मीटरगेज फाटा हिंगोलीपर्यंत आणला. हैदराबाद कंटिंजंटची छावणी म्हणून हिंगोलीला जे महत्त्व होते ते १९०३ नंतर ओसरले होते. कापसाची पेठ म्हणून असलेले महत्त्व मात्र टिकून होते. पुढे जवळजवळ अर्धे शतक हिंगोली हे त्या फाट्याचे शेवटचे स्थानक राहिले. स्वातंत्र्यानंतर, नियोजनाच्या पहिल्या दशकात, हिंगोलीपासून वाशीम, अकोला, अकोट असा सातपुडा ओलांडून खांडव्यापर्यंत मीटरगेज मार्ग बांधण्यात आला आणि दक्षिणेकडील मीटरगेजचे जाळे उत्तरेकडील जाळ्याशी जोडले गेले. जयपूर आणि हैदराबाद यांना जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस पुढे याच मार्गाने धावत असे.

या दोन्ही निर्णयांत एक गोष्ट समान होती. वाटेवरच्या एखाद्या स्थानकावर दिवसाला किती तिकिटे खपतील, या हिशेबावर ते आधारलेले नव्हते. पहिल्यामागे पेठेचा व्यापार होता, दुसऱ्यामागे देशाच्या वाहतुकीची एकसंध रचना करण्याचा विचार होता. लहान स्थानके या मोठ्या हेतूच्या ओघात जन्माला आली आणि त्यांच्याभोवती लोकांनी आपली आयुष्ये बेतली. गेज-परिवर्तनानंतर, २००८ साली, पूर्णा ते अकोला हा टप्पा ब्रॉडगेज झाला. पण अकोल्याच्या पुढे खांडव्यापर्यंतचा मीटरगेज मार्ग २०१७ च्या आरंभी बंद पडला. त्यातील अकोला ते अकोट एवढ्याच भागावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा प्रवासी गाडी सुरू झाली. उत्तरेकडचा सरळ रस्ता असा मध्येच तुटला. दोन जाळ्यांना जोडण्यासाठी जो मार्ग बांधला गेला, त्याचे ते मूळ प्रयोजन सध्या स्थगित आहे. ज्या मार्गावरची वाहतूक अशा कारणांनी आक्रसली, त्या मार्गावरील स्थानकांना ‘तुमच्याकडे प्रवासी का नाहीत’ असे विचारणे हे पाय बांधून शर्यतीचा निकाल लावण्यासारखे आहे.

मोजणीचे दुष्टचक्र

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातून रोज चाळीस माणसे सकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी जातात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. काही कारणाने संध्याकाळच्या गाडीचा थांबा रद्द झाला. आता परतीची सोय नसल्यामुळे सकाळी जाणाऱ्यांपैकीही बहुतेक जण जीपने अथवा एस.टी.ने जाऊ लागतात. वर्षाने मोजणी होते, सकाळी आठ प्रवासी आढळतात आणि तोही थांबा अनावश्यक ठरतो. यात मोजणी करणाऱ्याने कोणतीही लबाडी केलेली नाही. त्याचा आकडा खरा आहे. पण तो मागणीचा आकडा नव्हे. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे विशिष्ट किमतीला आणि विशिष्ट सेवेला असलेली मागणी. सेवा निकृष्ट करून मग मोजलेली मागणी ही सेवेच्या निकृष्टतेचे मोजमाप असते.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्याची पार्श्वभूमी वास्तव आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक साध्या पॅसेंजर गाड्यांना ‘विशेष’ अथवा ‘एक्स्प्रेस’ असे नाव देऊन भाडेही एक्स्प्रेसचे आकारण्यात आले. किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले. मासिक पासही बराच काळ चालत नव्हता. त्याच सुमारास, पवईच्या आय.आय.टी.चे साह्य घेऊन, शून्याधारित वेळापत्रकाची आखणी झाली आणि ठिकठिकाणचे लहान थांबे वगळण्यात आले. किमान भाडे पुन्हा दहा रुपयांवर आले ते २०२४ साली. चार वर्षांचा काळ हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयाच्या संपूर्ण शिक्षणाहून मोठा असतो. एवढ्या अवधीत माणूस दुचाकी घेतो, जीपवाल्याशी महिन्याचा ठराव करतो, किंवा गाव सोडून शहरात खोली घेतो. ज्याला यांपैकी काहीच परवडत नाही, तो शिक्षण सोडतो. आणि विशेषतः ती सोडते. शेवटचा हा प्रवासी कोणत्याही मोजणीत दिसत नाही, कारण तो फलाटावर आलेलाच नसतो.

तिकीट कोठे काढले?

मोजणीचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. स्थानकाचे उत्पन्न म्हणजे तेथे विकल्या गेलेल्या तिकिटांची रक्कम, असा हिशेब धरला तर जेथून माणूस निघतो त्या स्थानकाला श्रेय मिळते आणि जेथे तो उतरतो त्याला मिळत नाही. औंढा नागनाथला महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी रेल्वेने येणारा भाविक चोंडीला उतरतो. पण त्याने तिकीट काढलेले असते अकोल्याला किंवा परभणीला. परतीचे तिकीटही तेथेच काढले असेल, तर चोंडीच्या वहीत त्याची नोंद शून्य. मासिक पासाचेही तसेच आहे. लहान स्थानकावरून रोज ये-जा करणारा प्रवासी आपला पास मोठ्या स्थानकाच्या खिडकीवर काढतो, आणि त्याच्या वर्षभराच्या प्रवासाचे उत्पन्न त्या मोठ्या स्थानकाच्या नावे जमा होते.

रेल्वेने २०१७ नंतर स्थानकांचे जे वर्गीकरण केले, त्यात उत्पन्न आणि प्रवासीसंख्या हे प्रमुख निकष आहेत. सोयीसुविधा या वर्गानुसार मिळतात. म्हणजे हिशेबाच्या पद्धतीमुळे जे स्थानक आधीच गरीब दिसते, त्याला सुविधाही कमी मिळतात आणि त्यामुळे ते आणखी गरीब होते.

याहून मूलभूत आक्षेप जुना आहे. ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४४ साली सार्वजनिक बांधकामांच्या उपयुक्ततेचे मोजमाप कसे करावे, याची चर्चा केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, पुलावर जमा होणारा जकातीचा पैसा हे पुलाच्या उपयोगाचे मोजमाप नव्हे. एखादा मनुष्य एक नाणे देऊन पूल ओलांडतो, पण त्या ओलांडण्याची त्याला वाटणारी किंमत दहा नाणी असू शकते. उरलेल्या नऊ नाण्यांचा लाभ समाजाला झालेला असतो, फक्त तो जकात-नाक्याच्या पेटीत दिसत नाही. आज कल्याणाच्या अर्थशास्त्राचा विद्यार्थी हे पहिल्या वर्षी शिकतो. दहा रुपयांच्या तिकिटावर ज्या मुलीला पदवी मिळते, तिच्या बाबतीत रेल्वेच्या वहीतील नोंद दहा रुपयांचीच राहते.

थांब्याची खरी किंमत

अर्थात रेल्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रत्येक थांब्याला किंमत असते. धावती गाडी थांबवून पुन्हा वेगात आणण्यास वेळ आणि ऊर्जा खर्च होते; एका थांब्याचा विलंब मागच्या-पुढच्या गाड्यांवर पडतो; लांबच्या प्रवाशालाही वेळेची किंमत आहे. रेल्वेच्या तिकिटावर अलीकडे असा मजकूर छापलेला आपण पाहिला आहे की, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच खर्च भाड्यातून वसूल होतो. तोटा खरा आहे आणि तो कोणाला तरी सोसावा लागतो.

परंतु स्थानक बंद केल्याने यांतील कोणता खर्च वाचतो? पूर्णा-अकोला मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडण्यासाठी ठरावीक अंतरावर जादा रूळ, सिग्नल आणि स्टेशनमास्तर ठेवावाच लागतो. अशा क्रॉसिंगच्या स्थानकावर प्रवासी चढले नाहीत तरी त्या कर्मचाऱ्याचा पगार चुकत नाही, आणि क्रॉसिंगसाठी गाडी तेथे उभी राहणे टळत नाही. दारात उभी असलेली गाडी आपल्यासाठी ‘थांबत’ नाही, हा अनुभव एकेरी मार्गावरच्या गावकऱ्यांना नवा नाही. याउलट ज्याला आपण हॉल्ट म्हणतो, तेथे बहुधा रेल्वेचा नोकरच नसतो. कमिशनवर तिकिटे विकणारा एजंट असतो. तेथे मुळात वाचवण्यासारखे फारसे काही नाही. स्थानकाचा एकूण खर्च आणि स्थानक बंद केल्याने टळणारा खर्च यांत महदंतर आहे. निर्णय दुसऱ्यावर व्हावयास हवा. चर्चा मात्र पहिल्याचीच होते.

आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७-१८ पासून देशाच्या मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. म्हणजे रस्ते आणि रेल्वे यांचा पैसा आता उघडपणे एकाच थैलीतून येतो. एखाद्या खेड्याचा डांबरी रस्ता ‘दिवसाला फार थोडी वाहने जातात’ म्हणून उखडून टाकावा, असे कोणी सुचवीत नाही. रस्ता हा हक्क आणि रेल्वेचा थांबा ही मेहेरबानी, असा भेद करण्यास अर्थशास्त्रात कोणताही आधार नाही.

बंद करणे नेहमीच चूक नव्हे

कोणतेही स्थानक कधीच बंद करू नये, असा या लेखाचा आग्रह नाही. आपल्याच मार्गाच्या उत्तर भागात, सातपुड्यात, वान रोड आणि धूळघाट ही स्थानके होती. मीटरगेजची गाडी तेथे मेळघाटच्या जंगलातून जात असे. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. तेथून जड आणि वेगवान ब्रॉडगेज गाड्या नेऊ नयेत, असा आग्रह वन्यजीवप्रेमींनी धरला. २०२१ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीही तशी मागणी केली आणि जंगलाला वळसा घालणाऱ्या मार्गाचा विचार पुढे आला. हे कारण प्रामाणिक आहे आणि पटण्यासारखे आहे. पण त्या गाडीवर बाजारहाट आणि दवाखाना यांसाठी अवलंबून असलेल्या कोरकू वस्त्यांचे काय, हा प्रश्न वाघांच्या रक्षणाने सुटत नाही. स्थानक बंद करणाऱ्यावर पर्याय देण्याची जबाबदारी राहतेच.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते खऱ्याखुऱ्या उपनगरी स्थानकाचे आहे. पूर्वीच्या बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचे दक्षिणेकडील अखेरचे स्थानक चर्चगेट नव्हते. ते कुलाबा होते. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि तीनच वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० रोजी, कुलाबा स्थानक बंद झाले. तेथे प्रवाशांचा दुष्काळ नव्हता. बॅकबेच्या भरावाच्या योजनेत चर्चगेटच्या दक्षिणेकडील जमीन हवी होती. लांबच्या गाड्यांसाठी त्याच महिन्यात मुंबई सेंट्रल स्थानक उघडण्यात आले. म्हणजे पर्याय आधी उभा राहिला आणि स्थानक नंतर बंद झाले, एवढे श्रेय त्या काळच्या कारभाऱ्यांना दिलेच पाहिजे. पण रुळांखालची जमीन एकदा गेली ती गेलीच. मुंबईच्या त्या टोकाला पुन्हा गाडी पोचली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हा. जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी, आणि तीही जमिनीखालून. मुंबईकडे भुयार खणण्याइतका पैसा होता. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावाने थांबा गमावला, तर त्याच्यासाठी भुयार कोणी खणणार नाही.

ब्रिटनचा धडा

अशा निर्णयांचा सर्वांत मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ब्रिटिश रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी मार्च १९६३ मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यात २,३६३ स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. अहवालाचा आधार होता एप्रिल १९६१ मधील एका आठवड्यात केलेली मोजणी. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांना प्रवासी येतात ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. एप्रिलमधील आठवड्यात ते दिसणार कोठून? शिवाय तेथेही उत्पन्न तिकीट विकणाऱ्या स्थानकाच्या नावे धरले गेले. औंढ्याची यात्रा वगळून आणि परतीची तिकिटे न मोजता चोंडीचा हिशेब करावा, तसाच हा प्रकार.

परिणाम काय झाला? शाखा तोडल्या म्हणजे त्यांवरचे प्रवासी मुख्य मार्गावर येतील, ही अपेक्षा फोल ठरली. ज्याला घरापासून मोटार घ्यावी लागली, तो तिच्यातून शेवटपर्यंत गेला. रेल्वेचा तोटा संपला नाही. अखेर १९६८ च्या कायद्याने, तोट्यात असल्या तरी सामाजिकदृष्ट्या आवश्यक अशा प्रवासी सेवांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य करावे लागले. एडिनबरोपासून दक्षिणेकडे जाणारा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला होता; त्याचा उत्तरेकडील भाग मोठा खर्च करून पुन्हा बांधावा लागला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्यावर गाड्या सुरू झाल्या.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. तोट्यातील शाखामार्गांसाठी १९६९ साली एक समिती नेमली गेली. पुढे ऐंशीच्या दशकात रेल्वे सुधार समितीने असे ४० मार्ग बंद करण्याची शिफारस केली; राज्य सरकारांच्या विरोधामुळे प्रत्यक्षात १५ च बंद झाले. म्हणजे विरोधाचा उपयोग होतो. पण मार्ग बंद करण्याचा निर्णय जाहीर होतो, म्हणून त्याला विरोध करता येतो. थांबे एकेक करून काढले तर विरोध कोणत्या दिवशी करावा, हेच लोकांना कळत नाही. स्थानकाची पाटी जागेवर राहते, फलाट राहतो, फक्त गाडी राहत नाही.

काय करता येईल?

मागण्या फार मोठ्या नाहीत. पहिली अशी की, कोणताही थांबा काढण्यापूर्वी मोजणी फलाटावर उभे राहून व्हावी. चढणारे आणि उतरणारे दोन्ही मोजले जावेत. आणि ती वर्षातील निरनिराळ्या काळांत व्हावी. महाविद्यालये उघडतात ते दिवस, वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद येते ते दिवस, लग्नसराई आणि यात्रा, हे सर्व त्यात यावेत. दुसरी अशी की, मोजणीपूर्वी किमान एक वर्ष त्या स्थानकाला सकाळी जाण्याची आणि संध्याकाळी परतण्याची सोय असलेले वेळापत्रक द्यावे. एवढी संधी देऊनही प्रवासी आले नाहीत, तर स्थानक बंद करण्यास कोणाचा आक्षेप असू नये. तिसरी अशी की, बंद करण्याच्या प्रस्तावात टळणारा खर्च स्वतंत्रपणे दाखवावा आणि पर्यायी एस.टी.ची सोय आधी करावी. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : स्थानक बंद झाले तरी त्याची जमीन विकू नये. कुलाब्याचा धडा तेवढाच आहे.

रेल्वेच्या विभागीय आणि क्षेत्रीय पातळीवर प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत. त्यांचा सल्ला बंधनकारक नसतो; पण नांदेड विभागाच्या अशा समितीपुढे कोणी पूर्ण वर्षाची मोजणी करून ठेवली, तर ती नाकारणे विभागाला सोपे जाणार नाही. हे काम रेल्वेचीच वाट पाहत पडून राहण्याचे कारण नाही. या मार्गावरील गावांत महाविद्यालये आहेत, त्यांत अर्थशास्त्राचे आणि भूगोलाचे विभाग आहेत, आणि प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. चार विद्यार्थी, चार वह्या आणि वर्षातून निवडलेले काही आठवडे एवढ्यावर असा अभ्यास उभा राहू शकतो. जो रोज प्रवास करतो त्यानेच आपली गणती केली पाहिजे.

उपनगरी प्रवासाची सोय ही महानगराची मिरास नव्हे. तालुक्याच्या गावात राहून जिल्ह्याच्या गावी काम करता आले, तर खेडे उठून शहराच्या झोपडपट्टीत जाणार नाही, हे आपण पंचवार्षिक योजनांच्या काळापासून म्हणत आलो आहोत. ते खरे करून दाखवण्याचे एक स्वस्त साधन रुळांच्या रूपाने १९१२ पासून आपल्या दारात आहे. ते निरुपयोगी ठरले आहे काय, याचा निर्णय जरूर व्हावा. फक्त तो होण्यापूर्वी संध्याकाळची गाडी एकदा वेळेवर येऊन त्या फलाटावर थांबली पाहिजे.